एकवीस किरणांची प्रभावळ

एक सूर्य काढायला मला आता दीड मिनिट लागतं. अरुंद त्रिकोण काढायचा, त्याचा फिरण्याचा मध्य उचलून टोकावर आणून ठेवायचा, किती अंश फिरवायचं तो आकडा टाकायचा आणि मग एकच बटण दाबत बसायचं. प्रत्येक दाबाला एक किरण. खाली पिवळा चौकोन, वर केशरी किरण, मध्ये ज्याचा वाढदिवस असेल त्याचा फोटो. माझ्या अमरावतीच्या दुकानात मी असे किती सूर्य काढले ते मोजलेले नाहीत. पुढाऱ्यांच्या मागे काढले, चिवड्याच्या पाकिटावर काढले, ट्यूशन क्लासात पहिल्या आलेल्या पोरांच्या मागे काढले, आणि एकदा एका म्हशीच्या मागेही काढला, कारण तिचा प्रदर्शनात पहिला नंबर आला होता आणि मालकाचं म्हणणं पडलं की तिला काय कमी आहे. आता तर तयार सूर्य फुकट मिळतात, पोरं मोबाइलवरून उतरवून घेतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याचा सूर्य उतरवला की त्याचा मध्य कुठे आहे याच्याकडे कुणी बघत नाही, आणि मग तो गिऱ्हाइकाच्या कानातून उगवतो. पण माझं ऐकतं कोण. एकटीनं काढलेल्या पहिल्या सूर्याला मला चार दिवस लागले होते, आणि इथे मला त्या एकाचंच सांगायचं आहे.

आमचं गाव मोर्शीकडचं. चहूकडे संत्र्याच्या बागा आणि त्यात आमचं दोन एकर फुलांचं वावर, म्हणून गावात आम्हाला फूलवाले म्हणत. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. उजाडायच्या आत बाबा आणि आई वावरात जायचे, मागोमाग मी. झेंडूचं फूल देठापासून तोडलं की टक् असा बारीक आवाज होतो. दोन ओळींमध्ये तीन माणसं तोडायला लागली की तो आवाज एकसारखा येत राहायचा आणि कुणी बोलायचं नाही. बाबा तसेही बोलायचे नाहीत. त्यांच्याकडून एक वाक्य काढायचं तर विहिरीतून गाळ काढल्यासारखं व्हायचं, असं आई म्हणायची, आणि ती स्वतः मात्र चुलीशी, मांजराशी, उतू जाणाऱ्या दुधाशी बोलायची. तोडणी झाली की टोपल्या मोर्शीच्या गाडीत टाकून बाबा परत यायचे, आणि मग आम्ही जेवायला बसायचो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी नाहीतर ठेचा, वरून कच्चं तेल. आईचे हात कितीही धुतले तरी भाकरीला झेंडूचा कडवट वास यायचा. भाकरीचा वास तोच असतो अशी माझी समजूत होती. अकोल्याला आत्याच्या घरी पहिली भाकर खाल्ली तेव्हा मला ती कच्ची वाटली.

गावात देवीचं देऊळ आहे. देवी म्हणजे शेंदराचा तांदळा, नुसता गोल दगड, नवरात्रात त्यावर चांदीचा मुखवटा चढतो. पालखीला पहिला खांदा द्यायचा मान एका घराचा, आरतीच्या ताटाचा मान दुसऱ्या घराचा, आणि मुखवट्यामागे फुलांची प्रभावळ उभी करायचा मान आमच्या घरचा. मान म्हणजे काय, तर काम. त्याच्या बदल्यात दसऱ्याला एक नारळ मिळायचा, आणि आरतीला आलेली माणसं मागे वळून म्हणायची, फूलवाल्यांची प्रभावळ औंदा मस्त झाली. एवढ्यासाठी बाबा आषाढात रोप टाकतानाच दिवस मोजायचे, की फूल बरोबर घटस्थापनेला उमलावं. दोन ओळी खास देवीच्या असायच्या, एक केशरी झेंडूची आणि एक पिवळ्याची. त्यातलं एक फूलही बाजारात जायचं नाही. एकदा मी त्यातलं एक तोडून वेणीत घातलं तर बाबांनी दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

प्रभावळीचा सांगाडा म्हणजे बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव, मधोमध कापून केलेली कमान. खाली दोन टोकांना जोडणारी पट्टी, आणि पट्टीच्या बरोबर मध्ये बांगडीएवढी एक कडी. त्या कडीपासून कमानीपर्यंत फुलांचे एकवीस पदर ताणून बांधायचे, एक केशरी, एक पिवळा, परत केशरी. बाबा चौथी शिकलेले. त्यांना कोन मोजायचं यंत्र कसं दिसतं तेही माहीत नव्हतं. ते सुताचा दोरा कमानीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धरायचे, दुमडून निम्मा करायचे, पुन्हा दुमडून पाव, आणि तिथे खडूच्या खुणा करायचे. त्या प्रत्येक पावाचे पाच भाग मात्र नुसत्या डोळ्यानं. मधला पदर आधी, अगदी उभा, दोऱ्याला दगड बांधून ओळंबा लावून. "मधला चुकला तं सारंच चुकलं," एवढंच ते शिकवायचे. आणि पदर कडीपाशीच थांबवायचे, एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत, कारण एकवीस टोकं एका जागी आली की फुलांचा नुसता गोळा होतो. हे मी दरवर्षी शेजारी बसून बघत होते. आपण काही शिकतो आहोत असं तेव्हा वाटलं नव्हतं, दोरा धरायला बसवलंय असंच वाटायचं.

बारावी झाल्यावर आत्यानं मला अकोल्याला नेलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, जठारपेठेत दोन खोल्यांत राहायची, शिवणकाम करायची आणि भावाला सरळ हुकूम सोडायची. "पोट्टीले फुलं तोडाले ठेवतं का जन्मभर? माह्याकडे पाठव, कम्प्युटर शिकन." बाबा बरं म्हणाले. आत्याच्या घरापासून चार दुकानं सोडून गजूभाऊंचं दुकान होतं, तिथे लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं व्हायची. गजूभाऊ चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, कम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालू न देणारे. सकाळी मॉनिटरला उदबत्ती ओवाळल्याशिवाय ते बटण दाबायचे नाहीत, आणि मशीन अडलं की आधी हात जोडायचे, मग शिव्या द्यायचे. मी क्लासला जायचे आणि उरलेला वेळ त्यांच्याकडे काम करायचे. अक्षरं जुळवण्यात मी बरी होते. चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरला मात्र घाबरायचे, कारण त्यात सगळंच हलायचं.

फ्लेक्स तेव्हा नवे आले होते. छापायचं मशीन अकोल्यात नव्हतं, आम्ही डिझाइन करून सीडी नागपूरच्या गाडीत ड्रायव्हरकडे द्यायचो आणि तिसऱ्या दिवशी गुंडाळी यायची. गजूभाऊंनी मला सूर्य शिकवला तो एका मिठाईवाल्याच्या बोर्डासाठी. मी त्रिकोण काढला, फिरवला, नक्कल केली, पुन्हा फिरवला, आणि स्क्रीनवर काड्यांचा ढीग झाला. गजूभाऊ मागे चहा पीत उभे होते. म्हणाले, "त्याचा मध्य कुठी हाय, पाह्य. पोटात हाय. तो टोकावर आन, मंग फिरव." मी त्रिकोणावर दोनदा क्लिक केलं, पोटात एक बारीक ठिपका दिसला, तो उचलून टोकावर ठेवला. फिरवलं. दुसरा किरण पहिल्याच्या शेजारी, टोकाला टोक लावून उभा राहिला. मी पुढचं त्यांना विचारलं नाही. मला ते माहीत होतं. मध्ये कडी पाहिजे, नाहीतर टोकांचा चिखल होणार. मी मध्ये एक लहान गोल ठेवला आणि टोकं तिथे कापली. गजूभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "हे कोनं शिकवलं तुले?" मी म्हटलं, कुणी नाही. खोटं बोलायचं नव्हतं, पण त्या वेळी मला ते खरंच वाटलं.

गणपती बसल्यावर एक दिवस दुकानात विलास आला. विलास आमच्याच गावचा, कृषी केंद्रवाला, देवीच्या मंडळाचा सचिव. बियाण्याच्या कामानं त्याचं अकोल्याला येणं असायचं. त्यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मंदे, देवीच्या मागं लावाले फ्लेक्स पायजे. आठ बाय सहा. टीव्हीत देव प्रगट होते ना, तसे किरण फाकले पायजेत."

"देवीच्या मागं प्रभावळ असते," मी म्हटलं.

"तेच तं सांगून राहिलो. फुलं तिसऱ्या दिवशी माना टाकतात. चौथ्या दिवसापासून देवी कशी दिसते, तूच सांग. हे नऊ दिवस टिकन, अन् पुढच्या वर्षी बी कामात येईन."

"बाबाले सांगितलं का?"

"सांगतो ना मी. तू नको सांगू, मंडळाच्या तोंडून गेलेलं बरं. अन् एक सांगू का, फ्लेक्स तुह्या हातचा हाय म्हटल्यावर मान तुमच्याच घरात राह्यला का नाई?"

हे शेवटचं वाक्य त्यानं सहज टाकलं असेल, पण मी ते धरून ठेवलं. गजूभाऊंना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी ते एक मोठं काम होतं आणि त्यांनी ते पूर्ण माझ्यावर सोपवलं, ही त्यांच्या लेखी मेहेरबानी होती. त्याआधी मी एकटीनं कार्डाहून मोठं काही केलेलं नव्हतं.

चार दिवस लागले ते किरणांना नव्हे, ते अर्ध्या तासात झाले. अर्ध्या वर्तुळात एकवीस पदर म्हणजे वीस अंतरं, म्हणजे प्रत्येकी नऊ अंश. बाबांच्या दोऱ्याचा हिशेब इतका सरळ असेल असं मला वाटलं नव्हतं. वेळ गेला तो रंगांत. स्क्रीनवरचा केशरी छापून आला की विटकरी होतो, हे गजूभाऊंनी बजावलं होतं. मी नमुन्याच्या जुन्या पट्ट्या घेऊन बसले. आत्याच्या देवापुढची झेंडूची दोन फुलं रोज ओढणीत घेऊन जायचे, पट्टीला लावून बघायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. "देवाची फुलं कुठी फिरवून राहिली?" आत्यानं विचारलं, तर कामाला लागतात म्हणून सांगितलं. केशरीत थोडा पिवळा वाढवला, पिवळ्यात एक थेंबभर लाल टाकला. मधला पदर केशरी, उभा. किरणांच्या कडा सरळ रेघेच्या न ठेवता किंचित दातेरी केल्या, कारण फुलांचा पदर सरळ नसतो. चौथ्या दिवशी मी मागे सरकून बघितलं आणि ती आमची प्रभावळ होती. आमच्या ओसरीवरची, बाबांनी ताणलेली. फक्त तिच्यात बाबांचं काही नव्हतं.

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मागे वळून बघताना माणसं स्वतःला लहान करून घेतात, की मी पोर होते, मला काय समजतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं समजत होतं. फोन गावात एकच होता, तोही विलासच्या दुकानात, ही सबब मी स्वतःला दिली. पोस्टकार्ड टाकता आलं असतं. गावची बाई बाजाराला आली की आत्याकडे चक्कर टाकायची, तिच्याजवळ निरोप देता आला असता. काहीच केलं नाही, मूग गिळून बसले. खरं कारण एकच होतं, मला तो फ्लेक्स लागलेला बघायचा होता. देवळात, सगळ्या गावासमोर, आठ फूट बाय सहा फूट. बाबांना आधी कळलं असतं तर कदाचित तो लागला नसता.

सर्वपित्री अमावास्येला मी घरी निघाले. अमरावतीच्या स्टँडवर गाडी बदलली, गिला वडा खाल्ला, तो तिखट लागला म्हणून डोळ्यांत पाणी आलं आणि बरं वाटलं. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओसरीवर कमान आडवी ठेवलेली, खडूच्या खुणा झालेल्या, आणि आई-बाबा समोरासमोर बसून पदर ओवत होते. केशरीचा ढीग आईपाशी, पिवळ्याचा बाबांपाशी. सात पदर झाले होते. म्हणजे विलासनं सांगितलं नव्हतं. मी पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि सुई घेऊन बसले. दुसरं काय करणार. बाबांनी माझ्यापुढे थोडी फुलं सरकवली.

जेवायला पितरांचं होतं, उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर, गवारीची भाजी. आई आग्रह करून वाढत होती. बाबांनी कढीची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि म्हणाले, "काय काम चालू हाय तिकडं?"

बाबांनी कामाचं विचारलं, हेच नवल होतं. मी घाईघाईत म्हटलं, "तेच. लग्नाच्या पत्रिका."

"पितृपक्षात कोन पत्रिका छापते माय?" आई म्हणाली आणि हसली.

खरंच आहे. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत लग्नाची बोलणीही कुणी करत नाही, पत्रिका निवडायला कोण येतंय. दुकानात नुसत्या माश्या मारायच्या असतात, हे मला चांगलं माहीत होतं. "दिवाळीनंतरच्या," मी म्हटलं. बाबा हसले नाहीत. वडा मोडत त्यांनी पुन्हा विचारलं, "मोठं काई काम नाई आलं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले. आई त्यांच्या मागोमाग पाणी घालायला गेली. मी खीर संपवली.

सकाळी प्रभावळ निघाली. कमानीचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं शेजारच्या माणसानं, पुढे आई हळदकुंकवाचं ताट घेऊन, मागे मी. वाटेत बाया दारात येऊन हात जोडत होत्या. त्या देवीला नाही, प्रभावळीला हात जोडत, तशी रीत होती. आदल्या संध्याकाळी विलासनं गावात कुणाला काही सांगितलं होतं की नाही ते मला माहीत नाही, पण दोन-तीन माणसं आम्हाला बघून उगाच पुढे चालायला लागली. मला वाटलं होतं की देवळापाशी पोचण्याआधी मी काहीतरी बोलेन. वाट संपली आणि मी काही बोलले नाही.

गाभाऱ्यात फ्लेक्स लागला होता. एक गोष्ट कबूल करते, की पहिल्यांदा मला आनंदच झाला. रंग इतके बरोबर उतरले होते की दारातून फुलंच वाटावीत. ते वाटणं तीन-चार श्वास टिकलं असेल. मग बाबांनी कमान हळूच सभामंडपाच्या खांबाला टेकवून उभी केली आणि ते आत गेले. विलास पुढे झाला, "काका, मी येनारच होतो तुमच्याकडं, पन मंडळाच्या गडबडीत राहून गेलं." बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते फ्लेक्सकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते. उजवीकडून डावीकडे सगळे मोजून झाल्यावर म्हणाले, "एकवीस हायेत."

"तुमच्याच पोरीनं काढलं ना," विलास सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मान घरातल्या घरात राह्यला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, बाबांनी नाही. "चांगलं काढलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन मध्य वर गेला."

गेला होता. आदल्या दिवशी लावणाऱ्यांनी भिंतीतले जुने खिळे दिसले तसा फ्लेक्स अडकवला होता. मी मध्य बरोबर मुखवट्याच्या मुकुटामागे येईल असा धरला होता, आणि तो वीतभर वर, रिकाम्या जागेत गेला होता. देवी खाली आणि किरण तिच्या डोक्यावरच्या हवेतून निघालेले. कुणाला तरी ते खटकत असेल, पण काय खटकतंय ते कळत नसेल. पोरांनी दोर सैल करून खाली ओढला तर एक बाजू लोंबली. दुसरी ओढली तर मधला किरण तिरपा झाला. दहा मिनिटं हा खेळ चालला. मग बाबांनी टोपी काढून आईजवळ दिली, कमानीला बांधलेला ओळंब्याचा दोरा सोडला, स्टूल मागितलं आणि स्वतः वर चढले. जुने खिळे उपटले. दोरा वरून सोडला, दगड स्थिर होईपर्यंत वाट बघितली, मधला किरण दोऱ्याला लावला आणि नवा खिळा ठोकला. मग दोन बाजू. मी खालून फ्लेक्सची कड ताणून धरली होती. त्यांनी एकदा "सोड" म्हटलं आणि एकदा "धर," बाकी काही नाही. खाली उतरून त्यांनी दारापर्यंत मागे जाऊन बघितलं. सूर्य आता बरोबर मुकुटामागून निघत होता. बाबांनी हात जोडले.

बाहेर येऊन त्यांनी प्रभावळीचे पदर सोडले आणि म्हणाले, ज्याले पायजे त्यानं दाराले न्या. बाया-पोरांनी ते घटकाभरात नेले. एक पदर कुणाच्या तरी गोऱ्ह्यानं खाल्ला. रिकामी कमान खांद्याला अडकवून बाबा घरी आले आणि वावरात गेले.

पुढे त्यांनी झेंडू कमी केला, एका एकरात संत्र्याची कलमं लावली. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी फ्लेक्सची तऱ्हा. दोन वर्षांत सगळ्या तालुक्याचे देव किरणांपुढे बसले. आमच्या देवीचा फ्लेक्स विटला की मंडळ नवा सांगायचं आणि तो मीच करायचे. लावायला मात्र दरवर्षी बाबांना बोलावणं जायचं, कारण त्यांच्याशिवाय कुणाला तो सरळ लावता यायचा नाही. ते दोरा आणि दगड घेऊन जायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "बाबा, तुमी कायले जाता?" ते म्हणाले, "वाकडं लावतात." आपल्या प्रभावळीच्या जागी तो लागणार हे तुला माहीत होतं का, असं मात्र त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी वर्षानुवर्षं वाट बघितली. उत्तर तयार ठेवलं होतं, ते बदलत गेलं, आधी सबबींचं होतं, मग नुसतं हो असं झालं. विचारलं असतं तर सुटले असते. बाबा गेले, तेव्हाही ते उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

आई आता माझ्याकडे असते. दुकानाच्या मागेच घर आहे. परवा दुपारी ती मेथी निवडत होती आणि मी शेजारी बसून विलासशी फोनवर बोलत होते; आता त्याचा मुलगा मंडळ बघतो, पण फ्लेक्सचं तो स्वतःच सांगतो. फोन ठेवला तर आई म्हणाली, "तो तवा बी असाच गोड बोलला होता. तुह्याकडून अकोल्याहून आला, अन् दुसऱ्याच दिवशी घरी येऊन सांगून गेला."

"काय सांगून गेला?"

"फ्लेक्सचं. तुमच्या पोरीलेच काम देलं म्हने, आता तुमी फुलाचा तरास घेऊ नका."

म्हणजे देवळात 'राहून गेलं' हे विलास चारचौघांत खोटंच बोलला होता, आणि बाबांनी त्याला खोटं पाडलं नव्हतं. तिनं एक काडी मोडली, पानं परातीत टाकली. मी म्हटलं, "मग पदर कावून ओवत होते तुमी?"

"तुह्या बापानं ओवाले लावले. म्हने, पोरगी येईन अन् सांगन. तिनं सांगितलं का मंग ओवनं थांबवू. तोवर आपल्याले काई मालूम नाई." तिनं दुसरी जुडी सोडली. "तू आली, जेवाले बसली. त्यानं दोन डाव इचारलं. तू नाई म्हनलं. मंग मी हातावर पानी घालून राहिली होती, तं मले म्हने, आता प्रभावळ न्याच लागते. नाई नेली तं पोट्टीले समजन, का आपल्याले मालूम होतं. तिले वाईट वाटन."

"अन् तू मले इतक्या वर्षांत सांगितलं नाई."

"त्यानं नको म्हनलं होतं," आई म्हणाली. "आता तो नाई."

दुकानातून पोरगा दोनदा हाक मारून गेला, गिऱ्हाईक थांबलं होतं. मी उठले नाही. बाबा गेले तेव्हा मी रडले होते, पण त्या दुपारी रडले तशी नाही. आई बराच वेळ मेथी निवडत राहिली, आणि मग उरलेली जुडी तिनं माझ्यापुढे सरकवली.